गिओन मात्सुरी: क्योटोच्या गल्ल्यांमधला जुलै

१० जुलै

"मावशी, वर्षाचे अकरा महिने सोडून तुला जुलैच कसा सापडला?" विमानतळावर भेटल्या भेटल्या भाचीचा पहिला प्रश्न. ती नोकरीला ओसाकात आणि राहायला क्योटोत आहे. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. क्योटोच्या तिन्ही बाजूंना डोंगर, वाऱ्याचा पत्ता नाही, आणि त्सुयु म्हणजे इथला पावसाळा अजून संपलेला नाही. संध्याकाळी सहा वाजताही अंगाला कपडे चिकटत होते. पण यासाका देवळाचा गिओन मात्सुरी हा उत्सव १ जुलैला सुरू होतो आणि ३१ जुलैला संपतो, त्याला मी काय करणार? बहुतेक लोक १७ तारखेची रथांची मिरवणूक बघतात आणि १८ ला पुढच्या गावी जातात. मला हे रथ लाकडांचा ढीग असतात तिथपासून बघायचे होते.

सामान टाकलं आणि लगेच शिजो पुलावर गेलो. आज रात्री पालखी धुतात. पालखी म्हणजे मिकोशी. देवळात अशा तीन आहेत, त्यातली एकच पुलापर्यंत आणतात. आधी मोठी पेटलेली मशाल याच वाटेने फिरवून आणतात, रस्ता शुद्ध व्हावा म्हणून. मग कामो नदीचं पाणी साकाकी नावाच्या झाडाच्या फांदीने पुजारी मिकोशीवर शिंपडतो. ते अंगावर पडलं तर वर्षभर आजार येत नाही, असं मानतात. त्यामुळे पुढच्या रांगेत लहान मुलं आणि म्हातारी माणसं जास्त. दोन थेंब माझ्या चष्म्यावर आले.

११ जुलै

आजचा अख्खा दिवस मी शिजो रस्त्याच्या कडेला उभी राहून काढला. पुन्हा मिळाला तर पुन्हा तसाच काढीन.

उत्सवात एकूण ३४ रथ आहेत. मोठे असतात ते होको, त्यांना माणसाच्या उंचीची चाकं आणि वर उंच खांब. त्यामानाने लहान ते यामा. मोठा होको खांबाच्या टोकापर्यंत २५ मीटरच्या आसपास भरतो आणि माणसं चढल्यावर त्याचं वजन १२ टनांच्या घरात जातं. आणि या सांगाड्याच्या जोडांना खिळा नाही. तुळया एकमेकींत बसवतात आणि भाताच्या पेंढ्याच्या दोऱ्यांनी जखडतात. या बांधणीला नावागारामी म्हणतात. दोरीमुळे सांगाडा थोडा लवचिक राहतो. खिळे ठोकून ताठ केला असता, तर पहिल्याच वळणावर जोड फाटले असते.

एका खांबाशी दोन माणसं बसली होती. एक साठीचा, एक विशीतला. म्हाताऱ्याने दोरी तुळईभोवती घेतली, लाकडी मोगरीने ठोकून घट्ट केली, पुढचा वेढा आधीच्या वेढ्याला चिकटवून बसवला, पुन्हा ठोकला. पोराने तेच दुसऱ्या बाजूला केलं. म्हाताऱ्याने नुसता हात फिरवून बघितलं आणि शेवटचे तीन वेढे सोडायला लावले. कुणी काही बोललं नाही. पोराने सोडले, पुन्हा घातले. वेढ्यांची नक्षी दोन्ही बाजूंना सारखी यायला हवी. ती नंतर कापडाखाली झाकली जाणार आहे, तरी यायला हवी. ओल्या पेंढ्याचा वास रस्ताभर पसरला होता, पावसाळ्यात आपल्याकडे गोठ्यात येतो तसा. बाजूच्या मार्गिकेतून बस आणि टॅक्सी नेहमीसारख्या चालल्या होत्या.

दुपारी खांब उभा केला. त्याची पद्धत अशी, की सांगाडा रस्त्यावर चक्क आडवा पाडतात, खांब त्यात आडवाच ओवतात, आणि मग दोर लावून हळूहळू सगळं धूड उभं करतात. खांबाच्या मध्यावर एक छोटी मूर्ती बांधलेली असते, वर साकाकीच्या फांद्यांचा झुबका आणि टोकाला त्या रथाची खूण. धूड सरळ झालं तेव्हा फुटपाथवरच्या ऑफिसकरांनी टाळ्या वाजवल्या आणि घड्याळं बघत निघून गेले.

भाचीच्या इमारतीखाली चहापत्तीचं दुकान आहे. तिथले आजोबा एका रथाच्या मंडळात आहेत. रथ देवळाचा नसतो, गल्लीचा असतो. इथे त्या गल्लीला चो म्हणतात. पैसा, सामान आणि माणसं जमवायची जबाबदारी गल्लीची. मी भाचीमार्फत विचारलं, "तुम्ही देव मानता का?" आजोबांनी बराच विचार केला. मग म्हणाले, वडील बासरी वाजवायचे, मग मी वाजवली, आता नातू झांज शिकतोय. भाची म्हणाली, "मावशी, हा प्रश्न इथे कुणाला विचारू नकोस. लोक अडचणीत पडतात." मी पुढचे दोन आठवडे तो पुन्हा विचारला नाही. कोण काय काम करतंय एवढंच बघत राहिले.

१२ जुलै

आज काही मोठ्या रथांची हिकिझोमे, म्हणजे ओढून बघण्याची चाचणी. मुख्य मिरवणुकीत रथ ओढणारे ठरलेले असतात, पण आज कुणीही दोराला हात लावावा. कानको-होकोच्या दोराला आम्ही दोघी लागलो. माझ्या पुढे बालवाडीची रांग होती, सगळ्यांना पिवळ्या टोप्या. मागे एक बाई, पाठीवर तान्हं बाळ. रथाच्या पुढच्या फळीवर दोघे पंखा घेऊन उभे असतात. त्यांनी पंखा पुढे झोकला आणि "एन्याऽऽराऽऽया" अशी आरोळी दिली. क्षणभर काहीच झालं नाही. मग दोर हातात ताणला गेला आणि मागे लाकूड कण्हल्यासारखा आवाज झाला. पन्नास-साठ मीटर गेलो असू, तेवढंच परत आलो. वर वादक बसले होते. बासरी, ढोलकं आणि काशाच्या थाळ्या. त्या आवाजाला क्योटोत "कोन-चिकी-चिन" म्हणतात. इतकी संथ चाल, की पहिल्यांदा ऐकताना पुढचा ठोका राहून गेला की काय असं वाटतं.

१३ जुलै

सकाळी यासाका देवळात. मिरवणुकीत सगळ्यात पुढे नेहमी नागिनाता-होको असतो, आणि खराखुरा मुलगा, चिगो, आता फक्त याच रथावर बसतो. बाकीच्यांवर बाहुली. आज तो घोड्यावरून देवळात आला. पांढरा चेहरा, डोक्यावर सोनेरी टोपी, वय असेल आठ-दहा वर्षांचं. आजच्या विधीनंतर तो देवाचा दूत होतो. त्याला मोठ्या सरदारासारखा मान, म्हणजे जुन्या हिशोबात एक लाख कोकू तांदळाच्या जहागिरीचा. यापुढे समारंभात त्याचे पाय जमिनीला लागू द्यायचे नाहीत. एक दांडगा माणूस त्याला खांद्यावर घेऊन फिरतो. त्याचं जेवणही पुरुषांनीच रांधायचं, आईनेसुद्धा नाही. खांद्यावरून जाताना त्याने गर्दीत कुणाकडे तरी बघून हळूच हात हलवला आणि लगेच खाली घेतला. आई असावी.

बाईचा विटाळ इथेही आहे तर. नागिनाता-होकोवर आजही बाईला चढता येत नाही. काही रथांनी हा नियम सोडलाय, तिथे बायका-मुली वाद्यंही वाजवतात. हा ज्या त्या गल्लीचा निर्णय. परंपरा म्हणून तो जपला जातो हे कळतं, पटत नाही.

देवळाबद्दल थोडं. यासाका हे नाव १८६८ सालचं. त्याआधी हे गिओन देऊळ होतं आणि इथला देव होता गोझु तेन्नो, बैलाच्या डोक्याचा. हा श्रावस्तीच्या जेतवन विहाराचा रक्षक, अशी समजूत. गिओन हे जेतवनाचंच जपानी नाव. बुद्ध जिथे वर्षावासाला राहायचे, त्या बागेच्या नावाने क्योटोत एक अख्खी वस्ती आणि हा उत्सव ओळखला जातो. बैलाच्या डोक्याचा रक्षक मात्र आपल्याकडे कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही. १८६८ मध्ये मेइजी सरकारने शिंतो आणि बौद्ध वेगळे करायचं फर्मान काढलं, तेव्हा गोझु तेन्नो गेला आणि त्याच्याशी एकरूप मानला जाणारा शिंतो देव सुसानोओ उरला. तीन मिकोशींपैकी एक त्याची, दुसरी त्याची बायको कुशिइनादाहिमेची आणि तिसरी त्यांच्या आठ मुलांची.

१४ आणि १५ जुलै

पाऊस. रथांवर प्लास्टिक चढलं. आम्ही जेवणाच्या मागे लागलो. जुलैत क्योटोत हामो खातात, हा वाम माशाच्या कुळातला. समुद्र लांब, पूर्वी बर्फ नाही. हामो चिवट असल्याने क्योटोपर्यंत जिवंत पोचायचा, म्हणून तो इथला झाला. त्याला इतके बारीक काटे असतात की आचारी कातडी न तोडता सुरी चालवून काटेच कापतो. तीन सेंटीमीटरमध्ये २४ काप घालणारा चांगला, असं म्हणतात. काउंटरपाशी बसलो होतो, तिथे सुरीचा शार् शार् असा एकसारखा आवाज येत होता. उकळत्या पाण्यात टाकला की तुकडा पांढऱ्या फुलासारखा उलगडतो. वर उमे नावाच्या आंबट फळाची चटणी.

काकडी मात्र जुनी घरं या महिन्यात खात नाहीत. आडवी कापलेली काकडी यासाकाच्या चिन्हासारखी दिसते, मग ती कशी चावायची? आणि गंमत अशी, की १५ च्या रात्री रस्त्यावरच्या टपऱ्यांत सगळ्यात जास्त खप काठीला टोचलेल्या थंडगार काकडीचा होता. टपरीवाले बाहेरगावचे, खाणारेही बाहेरगावचे.

१६ जुलै

योइयामा, म्हणजे मिरवणुकीची आदली रात्र. संध्याकाळी सहाला शिजो आणि कारासुमा रस्ते गाड्यांना बंद झाले आणि माणसांनी भरले. रथांच्या पुढे कंदिलांचे डोलारे, वर वाजंत्री. आतल्या गल्ल्यांत पोलिसांनी एकदिशा करून टाकलेली. एकदा शिनमाचीत शिरलं की गर्दी नेईल तिकडे जायचं.

प्रत्येक रथाच्या शेजारी त्याच्या गल्लीचं घर, तिथे चिमाकी विकायला. बांबूच्या पानांची गुंडाळी. खाण्याच्या पदार्थालाही हेच नाव आहे, पण ही खायची नाही, वर्षभर दारावर टांगायची. त्यावर लिहिलेलं असतं की आम्ही सोमिन शोराईचे वंशज आहोत. गोष्ट अशी: देव प्रवासात होता, श्रीमंत भावाने त्याला घरात घेतलं नाही, गरीब सोमिनने घेतलं आणि ज्वारी-बाजरीसारखं जे भरड धान्य होतं ते शिजवून वाढलं. देवाने जाताना सांगितलं की तुझ्या वंशाला साथ शिवणार नाही. म्हणून सगळं शहर स्वतःला सोमिनचा वंशज म्हणवून घेतं.

तोरो-यामावर यांत्रिक किडा आहे, प्रार्थनाकीटक म्हणतात तो. मिरवणुकीत तो पंख आणि पाय हलवतो आणि आज रात्री भविष्याची चिठ्ठी देतो. त्याची रांग गल्लीच्या कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली होती. आम्ही नाद सोडला आणि त्सुकी-होकोवर चढलो. शेजारच्या घराच्या वरच्या मजल्यावरून लाकडी पुलाने रथात जायचं. आत वाकूनच बसावं लागतं. छपराच्या आतल्या बाजूला मारुयामा ओक्योने १७८४ मध्ये काढलेली फुलं आणि पानं आहेत, सोन्याच्या पार्श्वभूमीवर. खालून रस्त्यावरून ती धड दिसतही नाहीत.

पण मी थबकले ती गालिच्यापाशी. या रथाचा समोरचा गालिचा १७व्या शतकातला, हिंदुस्थानात विणलेला, मुघल काळातला. क्योटोच्या रेशीम आणि किमोनोच्या व्यापाऱ्यांनी आपापल्या गल्लीच्या रथासाठी परदेशी कापड जमवलं. देश बाहेरच्यांना बंद होता, तरी नागासाकीला डच जहाजं येत, त्यातून गालिचे येत. कानको-होको आणि कोइ-यामावर फ्लेमिश पडदे आहेत, एकावर बायबलमधली रिबेका, दुसऱ्यावर ट्रॉयचा राजा. आणि गिओनच्या रथांवरचे काही गालिचे दख्खनात विणलेले असावेत, असं गालिच्यांच्या अभ्यासकांचं मत आहे. दख्खनी गालिचे आपल्याकडे शोधायला गेलं तर संग्रहालयातही मोजके. इथे ते तीनेकशे वर्षं दर जुलैत बाहेर काढतात आणि पुन्हा घडी घालून ठेवतात. आता बऱ्याच रथांनी अस्सल कापड पेटीत ठेवून मिरवणुकीला हुबेहूब नवीन विणून घेतलंय.

१७ जुलै

नऊला मिरवणूक निघते. आम्ही साडेसहालाच शिजो-कावारामाचीच्या चौकात पोचलो. शेजारच्या काकूंनी छोटी घडीची खुर्ची, ओला टॉवेल आणि मिठाच्या गोळ्या आणल्या होत्या. गोळ्या आम्हालाही दिल्या.

एक गोष्ट सकाळीच बघितली. चौकातले सिग्नलचे खांब कामगारांनी फिरवून रस्त्याच्या बाहेर वळवले. रथ जाणार म्हणून ते वळवता येतील असेच बसवलेत.

आज २३ रथ. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. नागिनाता-होको आणि आणखी काही रथांची जागा मात्र कायमची ठरलेली. चौकाच्या अलीकडे प्रत्येक गल्लीचा प्रतिनिधी चिठ्ठीची पेटी महापौरांपुढे नेतो. पेटीची दोरी हाताने सोडायची नाही, पंख्याच्या टोकाने झटक्यात सोडायची. तिथून थोडं पुढे आडवी बांधलेली पवित्र दोरी चिगोने तलवारीने कापली. मागे एक मोठा माणूस त्याचे हात धरून होता. हे आम्ही भाचीच्या फोनवर बघितलं, कारण सगळीकडे एकाच वेळी उभं राहता येत नाही.

आमच्या चौकात होतं ते त्सुजिमावाशी, रथ वळवणं. या चाकांना वळताच येत नाही, आस ताठ असतो. मग रस्त्यावर फाडलेला हिरवा बांबू पसरतात, त्यावर बादल्यांनी पाणी ओततात, पुढची चाकं त्यावर आणतात आणि दोर बाजूला नेऊन ओढतात. "योइ, योइ, योइतो से!" पहिल्या हिसक्याला १२ टनांचं धूड करकरत तीसेक अंश घसरलं. वरचा खांब झोकांडी खाऊन उलट्या बाजूला गेला आणि परत आला. छपरावर चार माणसं बसलेली, त्यांनी विजेच्या तारा आणि इमारतींपासून खांब सांभाळला. पुन्हा बांबू, पुन्हा पाणी. तिसऱ्या खेपेला रथ उत्तरेकडे तोंड करून उभा. वर वादकांनी एकदम चाल बदलली, वेग वाढला. ११ तारखेला सोडून पुन्हा घातलेले ते तीन वेढे आठवले. चौकात टाळ्यांचा पाऊस. बांबूच्या ओल्या कामट्या गोळा करून माणसं पुढच्या रथाची वाट बघायला लागली. प्रत्येक होकोला हे सगळं पहिल्यापासून.

शेवटचा रथ गेला आणि दुपारी जेवायला बसेपर्यंत रथ आपापल्या गल्लीत परतून सोडायलाही लागले होते. साथीच्या वाईट शक्ती या रथांवर येऊन चिकटतात, असं मानतात. त्या गोळा झाल्या की रथ लगेच मोडायचा, नाहीतर त्या पुन्हा सुटतील.

बहुतेक पर्यटक इथेच संपवतात. पण देव अजून देवळातून निघालेलाच नसतो! सकाळची मिरवणूक म्हणजे रस्ता झाडून घेणं. संध्याकाळी सहाला यासाकाच्या दगडी पायऱ्यांखाली तिन्ही मिकोशी आल्या. एक सहाकोनी, एक चौकोनी, एक आठकोनी. प्रत्येकीचं वजन सुमारे दोन टन. पांढरे आखूड अंगरखे घातलेली शेकडो माणसं, सकाळच्या रेशमी शिस्तीचा मागमूस नाही. "होइत्तो! होइत्तो!" करत त्यांनी मिकोशी हात वर करून डोक्यावर धरल्या आणि जागच्या जागी गोल फिरवल्या. दांड्यांची लोखंडी कडी झणाझण वाजत होती. आठकोनी मिकोशी निशिकी बाजाराच्या मंडळाची. आम्हाला परवा लोणचं विकणारा, अत्यंत हळू बोलणारा माणूस दांडीखाली होता. मान लाल झालेली आणि आवाज बसलेला.

रात्री मिकोशी शिजो रस्त्यावरच्या ओताबिशोत, देवाच्या मुक्कामाच्या जागी, पोचल्या. २४ पर्यंत देव इथे, बाजारपेठेत, लोकांमध्ये राहणार.

१८ ते २१ जुलै

पाय सुजले. दोन दिवस घरी. एका संध्याकाळी ओताबिशोला गेलो. तिथे एक शांत व्रत चालतं: सात रात्री कुणाशीही न बोलता येऊन नमस्कार केला तर इच्छा पूर्ण होते. गिओनच्या गेइको आणि माइको, म्हणजे नाचगाणं करणाऱ्या कलावंत बायका आणि त्यांच्या शिकाऊ मुली, हे करतात असं ऐकलं होतं. आम्हाला दिसल्या त्या दोन शाळकरी मुली, ओठ घट्ट मिटून, एकमेकींना कोपराने ढोसत.

२० ला शिनसेन-एनला गेलो. निजो किल्ल्याच्या दक्षिणेला छोटं तळं आणि लाल पूल, आता हे बौद्ध देऊळ आहे. उत्सवाचं मूळ इथलं. ८६९ साली शहरात साथ पसरली, तेव्हा इथे राजाच्या बागेत देशाच्या ६६ प्रांतांसाठी ६६ होको, म्हणजे तेव्हाचे भाले, उभे केले. त्याच वर्षी ईशान्येला सेंदाईच्या किनाऱ्यावर प्रचंड त्सुनामी आली होती. २०११ नंतर जपानमध्ये त्या त्सुनामीची पुष्कळ चर्चा झाली. राजधानीत साथ, किनाऱ्यावर त्सुनामी, चार-पाच वर्षांपूर्वीच फुजी पर्वताचा उद्रेक. एवढं सगळं अंगावर आल्यावर माणसं भाले उभे करून देवाला विनवणारच.

भाल्यांचे रथ नंतर झाले, ते गल्ल्यांनी केले. १५व्या शतकात ओनिन युद्धात शहर जळालं, उत्सव बंद पडला, १५०० मध्ये पुन्हा सुरू झाला. १५३३ साली सरकारने देवळाचे विधी थांबवले, तेव्हा गल्ल्यांनी अर्ज केला की विधी नसले तरी चालतील, रथ तेवढे काढू द्या. हा अर्ज मला फार आवडतो. चहावाल्या आजोबांना मी जो प्रश्न विचारला, त्याचं उत्तर गावाने पाचशे वर्षांपूर्वीच लेखी देऊन ठेवलं होतं.

२२ जुलै

शिमोगामो देवळात मितारशी. झाडीत झऱ्याचं तळं, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पाणी. चपला पिशवीत, हातात मेणबत्ती, पाण्यातून चालत जायचं, मेणबत्ती पेटवून लावायची आणि वर येऊन त्याच झऱ्याचं पाणी प्यायचं. बाहेर ३६ अंश आणि हे पाणी इतकं गार की पायांची हाडं ठणकली. आमच्या पुढचे आजोबा "त्सुमेताई, त्सुमेताई" करत दोन्ही नातवंडांना धरून चालले होते. बाहेर मितारशी दांगो मिळतात, तांदळाच्या पिठाचे गोळे, भाजून वर गोडसर सोया सॉस. दोन काठ्या खाल्ल्या.

२३ जुलै

पाऊस संपला, ऊन भाजतंय. उद्या दुसरी मिरवणूक, आतो मात्सुरी, ११ रथांची. ही खरी तर मूळची जोडी: १७ ला देव येतो, २४ ला परत जातो, दोन्हीच्या आधी रथ. १९६६ मध्ये वाहतुकीच्या सोयीसाठी दोन्ही एकत्र केल्या होत्या, २०१४ ला पुन्हा वेगळ्या केल्या. त्याच वर्षी ओफुने-होको हा जहाजाच्या आकाराचा रथ दीडशे वर्षांनी परत आला. १८६४ च्या लढाईत तो जळाला होता. ताका-यामा तर १८२६ च्या वादळी पावसात मोडला तो थेट २०२२ मध्ये मिरवणुकीत उतरला, १९६ वर्षांनी. मधल्या काळात त्या गल्लीने उरलेल्या मूर्ती सांभाळल्या आणि दरवर्षी उत्सवात घरात मांडल्या.

आज रात्री टपऱ्या नाहीत, रस्ते बंद नाहीत. शिनमाचीत जुन्या घरांच्या जाळ्या काढलेल्या, आत रंगवलेले पडदे आणि फुलं मांडलेली, बाहेरून बघायचं. लहान मुली मेणबत्त्या विकताना गाणं म्हणतात, चाल तीच, गल्लीगणिक शब्द वेगळे.

दुपारी एन-नो-ग्योजा-यामापाशी शंख फुंकत यामाबुशी, म्हणजे डोंगरात तप करणारे साधू, आले आणि रस्त्यात होम पेटवला. गोमा म्हणतात त्याला. रात्री अकराला मिनामी-कान्नोन-यामाची कान्नोन, म्हणजे अवलोकितेश्वर, पांढऱ्या कापडात लपेटून, घट्ट बांधून, तरुणांनी खांद्यावर घेतली आणि गल्लीत पळत तीन फेऱ्या मारल्या, हिसके देत, आरडाओरडा करत. उद्या मिरवणुकीत तिने शांत बसावं म्हणून आज हे, असं एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, ती पलीकडच्या किता-कान्नोन-यामाच्या कान्नोनच्या प्रेमात आहे, म्हणून बेचैन असते. १८६८ च्या फर्मानाचं या गल्लीत फारसं चाललेलं दिसत नाही.

२४ जुलै

साडेनऊला मिरवणूक कारासुमा-ओइकेहून निघाली, आज उलट्या दिशेने. आम्ही सावलीत, फुटपाथच्या पहिल्या रांगेत, निवांत उभ्या होतो. ओफुने-होको शेवटी. चहावाल्या आजोबांनी आम्हाला बघितलं, कामाचे कपडे, गळ्यात टॉवेल, आणि किंचित मान हलवली. ओळख एवढीच दाखवायची असते.

रात्री तिन्ही मिकोशी शहरात मोठा फेरा घालून देवळात परतल्या. आम्ही नाट्यमंडपाजवळ उभ्या होतो. उचलणाऱ्यांनी तिथेही तीन-चार फेऱ्या मारल्या, काही केल्या खाली ठेवेनात. मग मिकोशी मंडपावर चढल्या, दिवे मालवले, अंधारात पुजाऱ्यांनी देव आत नेला. दिवे लागल्यावर सगळे एकदम मोबाईल काढून ट्रेनची वेळ बघायला लागले.

२५ जुलै, ओसाका

भाचीच्या ऑफिसातल्या एकाने तेन्जिन मात्सुरीच्या बोटीवर दोन जागा मिळवून दिल्या. ओसाका तेन्मांगू देवळाचा हा उत्सव ९५१ पासूनचा मानतात. देव म्हणजे सुगावारा नो मिचिझाने, ९व्या शतकातला विद्वान आणि दरबारी. खोट्या आरोपावरून त्याला हद्दपार केलं, तो तिकडेच वारला. मग राजधानीत विजा पडल्या आणि माणसं मेली, तेव्हा घाबरून त्याला देव केलं. आज परीक्षेच्या आधी सगळी पोरं त्याच्याकडेच जातात.

संध्याकाळी ओकावा नदीवर शंभरेक बोटी. बँका, दुकानांची मंडळं, विद्यापीठं, प्रत्येकाची एक. आमच्या बोटीत गार बिअर, डबे आणि माइकवर सतत बोलणारा माणूस. समोरून बोट आली की दोन्हीकडचे लोक एकदम: "उचिमाशो!" टाळी, टाळी. "मो हितोत्सु से!" टाळी, टाळी. "इवौते सान्दो!" आणि शेवटची वेडीवाकडी तीन टाळ्यांची चाल. क्योटोचे लोक ज्याला गोंगाट म्हणतील त्याला ओसाका स्वागत म्हणतं. फक्त देवाची बोट जवळून गेली तेव्हा माइकवाला गप्प झाला आणि टाळी कुणी वाजवली नाही. पुलांच्या मध्यावर आडोसा लावलेला असतो, वरून खाली देवाकडे बघू नये म्हणून.

मग फटाके. भाचीचा सहकारी सांगत होता की बोटीची वर्गणी दर वर्षी वाढते आणि दर वर्षी ऑफिसात त्यावरून भांडण होतं. या वर्षी हिशोब त्याच्याकडे होता. पावत्यांची पिशवी त्याने पूर्ण वेळ मांडीवर धरून ठेवली होती आणि पुढची बोट दिसली की ती काखेत मारून टाळ्या वाजवत होता.